'मेअरकात्से' आणि 'मर्कट' : एका जर्मन सामासिक शब्दाची व्युत्पत्ती

प्रश्न असा आहे : जर्मन भाषेत लांब शेपटीच्या एका जातीच्या माकडांना 'मेअरकात्से' म्हणतात, हा शब्द मुळात संस्कृत 'मर्कट' असून व्यापाऱ्यांच्या तोंडून तो युरोपात गेला आणि पुढे जर्मनांनी त्याचे 'समुद्रमांजर' करून टाकले, हे खरे आहे काय? जर्मन शिकविण्यात आणि जर्मनमधून मराठीत अनुवाद करण्यात माझी तीस वर्षे गेली. या काळात हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी विचारतेच, आणि विचारणारा बहुधा उत्तर मनाशी ठरवूनच आलेला असतो. म्हणून आधीच सांगतो की उत्तर 'नाही' असे आहे. मात्र नुसते 'नाही' म्हणून हा प्रश्न मिटत नाही, कारण दोन शब्दांतील साम्य खरोखरच चकवणारे आहे आणि ते खोटे का ठरते हे पाहताना खऱ्या नात्याची पारख कशी करावी हेही कळते. तेव्हा थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम शब्द नीट पाहू. 'मेअर' म्हणजे समुद्र. हा शब्द लॅटिन 'मारे' आणि रशियन 'मोऱ्ये' यांचा सख्खा भाऊ आहे. 'कात्से' म्हणजे मांजर. यातील 'त्स' चा उच्चार आपल्या 'चमचा' या शब्दातील दंत्य 'च' सारखा होतो, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला तो हिंदी भाषकापेक्षा लवकर जमतो, हे मी दर वर्षी पाहतो. आपल्या व्याकरणाच्या भाषेत हा मध्यमपदलोपी समास आहे. 'साखरभात' म्हणजे साखर घालून केलेला भात. तसेच 'मेअरकात्से' म्हणजे समुद्रापलीकडून आलेले मांजर. 'पलीकडून आलेले' हे मधले शब्द समासात गळून गेले आहेत. जुन्या उच्च जर्मन भाषेत अकराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द 'मेरिकात्सा' अशा रूपात आढळतो. त्या काळी मठांमध्ये लॅटिन ग्रंथांतील अवघड शब्दांवर देशी भाषेत अर्थ लिहून ठेवण्याची पद्धत होती, आणि जर्मन भाषेचे बरेचसे जुने शब्दधन अशाच टिपांमधून आपल्या हाती आले आहे. त्या रूपातील 'मेरि' हा त्या काळच्या जर्मनमधील समुद्रवाचक शब्दच आहे, आणि त्याच्या शेवटचा 'इ' येथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'मर्कट' मध्ये 'र' आणि 'क' यांच्यामध्ये कोणताही स्वर नाही.

दुसऱ्या पदाकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेकडील जर्मन बोलींत व्यंजनांचा एक मोठा फेरबदल झाला. त्यात जुन्या 'ट्ट' चा 'त्स' झाला. उत्तरेकडील बोली आणि डच भाषा या बदलाबाहेर राहिल्या. म्हणून जेथे जर्मनमध्ये 'झित्सेन' (बसणे) आहे तेथे डचमध्ये 'झिट्टेन' आहे, आणि जेथे जर्मनमध्ये 'कात्से' आहे तेथे डचमध्ये 'काट' आहे. आपला समास नेमक्या याच वाटेने चालतो : दक्षिणेत 'मेरिकात्सा', उत्तरेकडील मध्ययुगीन बोलींत 'मेरकाट्टे', मध्ययुगीन डचमध्ये 'मेअरकाट्टे'. म्हणजे प्रत्येक बोलीत या शब्दाचा उत्तरार्ध त्या त्या बोलीतील मांजरासारखाच वागतो. परक्या शब्दाच्या शेपटाला योगायोगाने आलेले हे रूप असते, तर सगळ्या बोलींत इतकी शिस्त सहसा दिसली नसती.

आता साम्याच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण या दाव्याला विरोध करणारेही पुष्कळदा चुकीचे कारण देतात. जर्मन शब्द संस्कृत शब्दापेक्षा जुना आहे, असे विधान मी अनेकदा वाचले आहे. ते साफ चूक आहे. यजुर्वेदाच्या संहितांमध्ये अश्वमेधाच्या प्रसंगी ज्या प्राण्यांची यादी येते तिच्यात 'मर्कट' आहे, म्हणजे जर्मन शब्दाच्या पहिल्या नोंदीपेक्षा तो हजार-दीड हजार वर्षांनी तरी जुना ठरतो. वयाचा मुद्दा संस्कृतच्या बाजूचा आहे, यात शंका नाही. परंतु वय म्हणजे नाते नव्हे. दुसऱ्या बाजूला, हा शब्द पोर्तुगीज खलाशांनी नेला असेही काही जण सांगतात. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८ मध्ये, आणि तोपर्यंत हा शब्द जर्मन भूमीत चारशे वर्षे रुळलेला होता. इतकेच काय, विल्यम कॅक्स्टन याने रेनार्ड नावाच्या कोल्ह्याच्या कथा डचमधून इंग्रजीत आणून १४८१ मध्ये छापल्या, त्यातही 'मेरकॅट' हे माकडवाचक रूप आले आहे. तेव्हा पोर्तुगिजांना या प्रकरणातून निर्दोष सोडून द्यावे.

मग पोर्तुगिजांपूर्वी, अरब आणि इराणी व्यापाऱ्यांच्या मार्फत हा शब्द गेला असेल काय? येथे माझ्या मते खरा निकाल लागतो, आणि तो लावण्यासाठी आपल्या घरातलीच फूटपट्टी पुरेशी आहे. भारतातून निघून जर्मनपर्यंत खरोखर पोहोचलेले शब्द आहेत, आणि त्यांच्या वाटेवरची पावले आजही मोजता येतात. संस्कृत 'शर्करा' घ्या. त्याचा मूळ अर्थ खडे किंवा भरड वाळू असा होता, नंतर दाणेदार गोड पदार्थाला तो लागला. पालीत त्याचे 'सक्खरा' झाले, आणि मराठीत आपण 'साखर' म्हणतो. पश्चिमेकडे फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर', इटालियनमध्ये 'झुक्केरो' आणि जर्मनमध्ये 'त्सुकर'. दुसरी एक जुनी वाट ग्रीक 'साक्खारोन' आणि लॅटिन 'सॅक्कारुम' अशी गेली, आणि त्याच वाटेवर पुढे 'सॅकरीन' हा आधुनिक शब्द तयार झाला. दर मुक्कामावर शब्द नोंदला गेला आहे, वस्तूही त्याच वाटेने गेली आहे, आणि प्रत्येक रूप आधीच्या रूपातून कसे निघाले ते सांगता येते.

हीच गोष्ट मिऱ्याच्या शब्दाची. संस्कृत 'पिप्पली', मराठी 'पिंपळी', ग्रीक 'पेपेरी', लॅटिन 'पिपेर', जर्मन 'प्फेफर'. जर्मन रूपाच्या आरंभी जो 'प्फ' आहे तो मघाशी सांगितलेल्या व्यंजनबदलाचाच भाग आहे, म्हणजे हा शब्द त्या बदलाच्या आधीच जर्मन बोलींत शिरलेला होता. उलट 'त्सुकर' मध्ये तसा कोणताही बदल दिसत नाही, कारण तो पुष्कळ नंतर, इटालियन व्यापाऱ्यांमार्फत आला. शब्दाच्या अंगावर त्याच्या प्रवेशाचा शिक्का असा उमटलेला असतो. सुंठीचे उदाहरण तर फारच गमतीचे आहे. संस्कृत 'शृंगवेर' पासून पाली 'सिंगिवेर', ग्रीक 'झिंगिबेरिस' आणि अखेर जर्मन 'इंगवेर' अशी साखळी लागते. पण मुळात 'शृंगवेर' हाच शब्द द्राविडी भाषांतील आल्याचे नाव, 'इंचि', आणि मूळ या अर्थाचा 'वेर' यांवरून घेऊन संस्कृतात 'शिंगासारखे' असा अर्थ बसवून घडविलेला आहे. म्हणजे परक्या शब्दाला आपल्या भाषेतला अर्थ चिकटविण्याचा उद्योग एकटे जर्मनच करतात असे नाही.

आता हीच कसोटी 'मर्कट' ला लावा. पश्चिमेच्या वाटेवर याचे एकही पाऊल दिसत नाही. फारसीत माकडाला 'मैमून' म्हणतात, अरबीत 'किर्द', ग्रीकमध्ये 'पिथेकोस', लॅटिनमध्ये 'सिमिया'. मधल्या एकाही भाषेने 'मर्कट' घेतलेला नाही. भारतातून निघालेला शब्द वाटेत कोठेही पाणी न पिता थेट आल्प्सच्या उत्तरेस एका मठात जाऊन उतरला, असे मानण्याला आधार नाही.

याहूनही पक्का मुद्दा ध्वनीचा आहे, आणि तो मराठी माणसाला सहज कळेल. 'शर्करा' ची 'साखर' होताना 'र्क' मधला 'र' गेला, तसाच 'मर्कट' चे 'माकड' होतानाही गेला. पालीत 'मक्कट', प्राकृतात 'मक्कड', मराठीत 'माकड'. अकराव्या शतकात कोकणच्या बंदरात उतरलेल्या परदेशी खलाशाच्या कानावर जे पडले असेल ते 'माकड' किंवा त्याच्या अगदी जवळचे रूप असणार. 'मर्कट' हा तेव्हाही पोथीतला शब्द होता, जसा आज तो 'मर्कटलीला' आणि 'मर्कटचेष्टा' यांतच उरला आहे. खलाशी पोथ्या वाचून शब्द नेत नाहीत, ते बाजारात ऐकलेला शब्द नेतात. 'शर्करा' च्या पश्चिमेकडील रूपांकडे पुन्हा पाहा : 'शकर', 'सुक्कर', 'साक्खारोन', यांपैकी एकातही 'क' च्या आधी 'र' नाही. मग 'मर्कट' ने मात्र तो 'र' हजारो मैल जपून नेला आणि नेमका जर्मन समुद्राच्या 'मेअर' शी जुळवून घेतला, हे मला तरी पटत नाही.

या ठिकाणी जाणकार वाचक एक आक्षेप घेईल आणि तो योग्य आहे. एखादा शब्द जर्मन दिसतो, त्याचे दोन्ही भाग अर्थपूर्ण वाटतात, एवढ्यावरून तो मुळात जर्मन ठरत नाही. 'हेंगेमाट्टे' हा शब्द पाहा. 'हेंगेन' म्हणजे टांगणे, 'माट्टे' म्हणजे चटई. टांगलेली चटई, म्हणजेच दोन झाडांना बांधायची झोळी. यापेक्षा स्वच्छ जर्मन समास शोधून सापडणार नाही. तरीही हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या 'हामाका' वरून आलेला आहे. स्पॅनिश लोकांनी तो तेथे ऐकला, पुढे तो डचमध्ये गेला, आणि डच लोकांनी आधी 'हांगमाक' व नंतर 'हांगमाट' असे करत करत त्यात टांगणे आणि चटई दोन्ही शोधून काढली. भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. चिचुंदरीसारखा दिसणारा आणि जमीन पोखरणारा जो 'माउलवुर्फ' नावाचा प्राणी आहे, त्याच्या नावात आज जर्मन माणसाला 'माउल', म्हणजे जनावराचे तोंड, दिसते. प्रत्यक्षात तेथे पूर्वी 'माती' या अर्थाचा शब्द होता, आणि 'माती उकरून टाकणारा' असा त्याचा अर्थ होता. तो मातीवाचक शब्द वापरातून गेला आणि लोकांनी जवळचा शब्द बसवून घेतला.

तेव्हा 'मेअरकात्से' ही अशीच लोकव्युत्पत्ती असू शकेल, असे तत्त्वतः म्हणता येते. फरक इतकाच की 'हेंगेमाट्टे' च्या बाबतीत मधली सर्व रूपे कागदावर आहेत, ती वस्तू कोणी आणली हे माहीत आहे, आणि 'माउलवुर्फ' च्या बाबतीत जुनी वेगळी रूपे जर्मनमध्येच नोंदली गेली आहेत. 'मेअरकात्से' चे 'समुद्र' आणि 'मांजर' या दोहोंपासून दूर असलेले कोणतेही आधीचे रूप मिळत नाही. पहिल्या नोंदीतच तो समुद्र आहे आणि पहिल्या नोंदीतच ते मांजर आहे.

राहता राहिला प्रश्न अर्थाचा : माकडाला मांजर कोण म्हणेल? उत्तर असे की मध्ययुगीन युरोपात पुष्कळांनी म्हटले. तेथील लोकांना परिचित असलेले माकड म्हणजे उत्तर आफ्रिकेतील आणि जिब्राल्टरचे बिनशेपटीचे माकड. त्यामुळे सहाराच्या दक्षिणेकडून भूमध्य समुद्रामार्गे जेव्हा लांब शेपटीची, चपळ, उड्या मारणारी छोटी माकडे आली, तेव्हा ती त्यांना माकडापेक्षा मांजरासारखी वाटली. इटालियनमध्ये अशा माकडाला 'गात्तो माम्मोने' म्हणत. त्यातला 'गात्तो' म्हणजे मांजर आणि 'माम्मोने' हे मघाशी आलेल्या 'मैमून' चे रूप आहे. इटालियनांनी तेथे परका शब्द घेतला तेव्हा तो उघड उघड ओळखू येतो, आणि त्याच्या शेजारी मांजर स्वतंत्रपणे उभे आहे. इटलीत मांजर होते आणि जर्मनीत मांजर होते, तर जर्मन मांजरासाठी मर्कटाची गरज उरत नाही. आज प्राणिशास्त्रात ज्या गणाला 'सर्कोपिथेकस' म्हणतात ती ही माकडे, आणि त्या नावाचा ग्रीक अर्थही 'शेपटीवाले माकड' असाच आहे. शेपटी हेच त्यांचे लक्षण सर्वांच्या नजरेत भरले.

'समुद्र' या पूर्वपदाचे कामही ओळखीचे आहे. गिनीपिगला जर्मनमध्ये 'मेअरश्वाइनशेन', म्हणजे समुद्राचे छोटे डुक्कर, म्हणतात. ते पाण्यात राहत नाही, दक्षिण अमेरिकेतून सोळाव्या शतकात समुद्र ओलांडून आले. मात्र याच शब्दाचे जुने रूप डॉल्फिनसाठी वापरले जाई, आणि तेथे समुद्राचा अर्थ शब्दशः होता. फ्रेंच भाषेतील 'मार्स्वँ' हा शब्द त्या जुन्या रूपाच्या स्कँडिनेव्हियन भावंडावरून घेतलेला आहे. आपल्याकडे 'विलायती' हे विशेषण जे काम करते तेच येथे 'मेअर' करतो. 'विलायती चिंच' ही चिंच नव्हे आणि ती विलायतेतलीही नव्हे, तिचे झाड मूळचे अमेरिकेतले. पण बाहेरून आलेली आणि चिंचेसारखी दिसणारी, एवढे दोन्ही शब्द मिळून सांगतात. 'समुद्रमांजर' ची रचना तंतोतंत अशीच आहे.

या प्रकरणात आणखी एक चकवा आहे, आणि तो गोव्या-कोकणातल्या वाचकाला विशेष जवळचा वाटेल. जर्मनमध्ये 'माकाक' असाही एक शब्द आहे, आणि आपल्याकडची लाल तोंडाची माकडे प्राणिशास्त्राच्या दृष्टीने याच गटात मोडतात. लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७९९ मध्ये त्या गणाला 'मकाका' हे नाव दिले. पोर्तुगीजमध्ये माकडाला 'मकाको' म्हणतात. 'माकड' आणि 'मकाको' इतके जवळचे वाटतात की पोर्तुगिजांनी हा शब्द आपल्या किनाऱ्यावरून उचलला असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात तो त्यांनी आफ्रिकेत, कांगोच्या परिसरातील बांटू भाषांमधून घेतला. तेथे माकडाला 'काकू' म्हणत, आणि आरंभीचा 'म' हा त्या भाषांतील उपसर्ग आहे. (वर्गात हे सांगताना दोन मिनिटे हशा होतो, तो मी होऊ देतो.) म्हणजे 'मर्कट', 'मेअरकात्से' आणि 'मकाक' हे एकमेकांसारखे दिसणारे तीन माकडवाचक शब्द तीन वेगळ्या खंडांतले आहेत. माकडांच्या नावांत असे योगायोग का दाटून येतात कोण जाणे. संस्कृत 'कपि' आणि हिब्रू 'कोफ' यांच्याबद्दलही असाच वाद पूर्वी रंगला होता, पण तेथे तशाच ध्वनीचा इजिप्शियन शब्द पुष्कळ जुन्या काळी नोंदलेला असल्याने भारताचा दावा दुबळा झाला.

शब्दाचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण त्यामुळे अनुवादकांची फसगत होते. डच लोकांनी १६५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी केप येथे वसाहत केली, आणि तेथे मुंगसाच्या कुळातल्या, मागच्या पायांवर उभे राहून टेहळणी करणाऱ्या एका प्राण्याला 'मेअरकॅट' हे नाव चिकटले. इंग्रजीतून आपल्या दूरचित्रवाणीवर आलेला 'मीरकॅट' तो हाच. जर्मन माणूस मात्र या प्राण्याला 'एर्डमेन्शेन', म्हणजे जमिनीतला छोटा माणूस, म्हणतो, आणि 'मेअरकात्से' म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर आजही माकडच येते. दक्षिण आफ्रिकेतील कारू या ओसाड प्रदेशात २०१८ मध्ये ६४ तबकड्यांची 'मेअरकॅट' नावाची रेडिओ दुर्बीण सुरू झाली, तिच्या नावात तर तिसराच 'मेअर' आहे : आफ्रिकान्समध्ये, म्हणजे डचमधून तेथे घडलेल्या भाषेत, त्याचा अर्थ 'अधिक', आणि 'कॅट' हे दुर्बिणीच्या आधीच्या नावाचे लघुरूप.

आता अनुवादाचा भाग, जो मला स्वतःला सर्वांत जवळचा आहे. जर्मन कवी गटे याच्या 'फाउस्ट' या नाटकाच्या १८०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागात चेटकिणीच्या स्वयंपाकघराचा प्रवेश आहे. चुलीवर मोठी कढई चढलेली असते, एक 'मेअरकात्से' तिच्याजवळ बसून वरचा फेस काढीत असते आणि उतू जाऊ नये म्हणून लक्ष ठेवीत असते, आणि नर पिल्लांसह शेजारी शेकत बसलेला असतो. त्या नराला गटे 'मेअरकाटर' म्हणतो. 'काटर' म्हणजे बोका. मांजरीचा बोका करावा तितक्या सहजपणे त्याने समुद्रमांजरीचा समुद्रबोका केला, यावरून त्याच्या कानाला या शब्दात मांजरच ऐकू येत होते हे कळते. व्युत्पत्तीचा हा पुरावा नव्हे, तो फक्त अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील भाषकाच्या जाणिवेचा पुरावा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

माझ्या एका विद्यार्थिनीने या प्रवेशाचा अनुवाद करताना 'समुद्रातली मांजर कढईतला फेस काढते' असे लिहिले होते. शब्दाला शब्द ठेवला की असे होते. मराठीत सुदैवाने 'माकड' आणि 'वानर' असा भेद आपण अजून पाळतो. लाल तोंडाचे ते माकड, आणि काळ्या तोंडाचे लांब शेपटीचे ते वानर. गटेच्या प्राण्यांना शेपटी हवी, म्हणून मी मादीला 'वानरी' आणि नराला 'वानर' असे लिहितो. ध्वनीच्या दृष्टीने 'मर्कटी' आणि 'मर्कट' अधिक जवळ जातात, आणि मोह होतो हे मान्य करतो. पण मी तसे लिहिले, तर हाच प्रश्न मला दर दोन-तीन वर्षांऐवजी दर दोन-तीन महिन्यांनी विचारला जाईल.